जखम खरी होती

(या सदराच्या लेखिका मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात ३१ वर्षं वैद्यकीय समाजसेविका होत्या.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, नोकरी दादरला. दोन वर्षांपूर्वी स्टेशनबाहेर एक बाई कडेवर बाळ घेऊन आली. म्हणाली, "पैसे नकोत, बाळाला दुधाची पावडर घेऊन द्या." पैसे नको म्हणतेय म्हटल्यावर माझा विश्वास बसला. समोरच्या मेडिकलमधून साडेचारशेचा डबा घेऊन दिला. छत्री विसरली म्हणून मागे वळले, तर तोच डबा काउंटरवर आणि दुकानदार तिच्या हातात नोटा मोजून देतोय. घरी मुलगा हसला, "आई, तुला गंडवलं." त्या दिवसापासून मी कोणाला एक रुपयाही दिलेला नाही.

गेल्या महिन्यात पुलाच्या पायथ्याशी साठीपुढचे एक गृहस्थ उभे होते. शर्ट चुरगळलेला पण स्वच्छ. "पाकीट मारलं हो, जालन्याला जायचंय," म्हणाले. हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. मान फिरवून पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच. तिसऱ्या दिवशी आडवे पडलेले, लोक वळसा घालून जात होते, मीही गेले. चौथ्या दिवशी जागा रिकामी. चणेवाला म्हणाला, "रात्री स्ट्रेचरवरून नेलं." तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही. माझे दीर इंदूरला असतात. तिथे १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायचं ठरलं. ते म्हणतात, बरं झालं, प्रश्नच मिटला. माझा काही मिटत नाही. खरा कोण, खोटा कोण, ओळखायचं कसं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी त्या गृहस्थांचं बोलू, कारण त्यात अजून काहीतरी करता येण्यासारखं आहे.

स्टेशनच्या हद्दीत कोणी पडलेलं आढळलं की स्टेशन मास्तर मेमो देतात, हमाल स्ट्रेचर उचलतात आणि लोहमार्ग पोलिसांचा शिपाई रुग्णालयापर्यंत सोबत येतो. माणूस बोलण्याच्या स्थितीत नसेल तर केसपेपरवर 'अनोळखी इसम, वय अंदाजे ६५' एवढंच पडतं. पण तारीख, वेळ आणि कुठून आणलं, हे लिहिलेलं असतं. तुम्ही लोहमार्ग पोलीस ठाण्यात जा, तारीख सांगा, पूल कोणता ते सांगा. रुग्णालय कळलं की तिथला समाजसेवा विभाग गाठा. मी उभं आयुष्य असल्या रजिस्टरांवरून बोट फिरवलंय, नोंद सापडते. आणि तुमच्याकडे 'जालना' हा शब्द आहे. केसपेपर लिहिणाऱ्याकडे तो कदाचित नसेल. त्या एका शब्दावरून पोलिसांना जालन्याकडच्या हरवलेल्या माणसांच्या नोंदी तपासता येतात. अनोळखी म्हणून आलेल्या माणसांची घरं मी अशाच एखाद्या शब्दावरून सापडलेली पाहिली आहेत, कधी गावाच्या जत्रेचं नाव, कधी साखर कारखान्याचं. उद्याच जा.

मान फिरवलीत म्हणून मी तुम्हाला बोल लावणार नाही. ते वाक्य ठरलेलंच आहे आणि ते म्हणणारे पुष्कळ जण खोटं बोलतात, हे मलाही माहीत आहे. दुधाच्या डब्याचंही तसंच. दुकानदार थोडे पैसे कापून डबा परत घेतो, हा प्रकार मुंबईत जुना आहे. तुमचा मुलगा चुकीचं बोलला नाही. पण त्या डब्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला मला एका टाचेची गोष्ट सांगावी लागेल.

१९९४ चं साल. आमच्या ड्रेसिंगच्या ओपीडीत एक जण यायचा. आत येताना चप्पल दाराबाहेर काढायचा, कितीदा सांगितलं तरी. कुष्ठरोग औषधांनी बरा झालेला, पण तळपायाची संवेदना कायमची गेलेली, आणि टाचेला रुपयाच्या नाण्याएवढी खोल जखम. सोमवारी सिस्टर जखम साफ करून पट्टी बांधायच्या. गुरुवारी तो यायचा तेव्हा पट्टी नसायची आणि जखमेत माती. तीन महिने हेच. मग एका दुपारी बसच्या खिडकीतून मला तो सिग्नलला दिसला. पाय पुढे पसरलेला, टाच लोकांच्या बाजूला. पट्टी त्याने सोडली होती पण टाकली नव्हती, घडी घालून मांडीखाली ठेवली होती.

पुढच्या वेळी मी त्याच्यावर भरपूर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, पट्टी असली की लोकांना वाटतं याचं बघणारं कोणीतरी आहे. दिवसाला दहा-वीस रुपये कमी पडतात." त्याच पावसाळ्यात जखमेत अळ्या झाल्या आणि घोट्याच्या वरून पाय काढावा लागला.

आता सांगा, हा माणूस खरा की खोटा? पट्टी सोडणं ही लबाडी होतीच, आणि जखम खरी होती. त्या सिग्नलला गाडीची काच खाली करायची की नाही हे ठरवणाऱ्याला यातलं काय दिसणार होतं? मला स्वतःला, त्याचा केसपेपर हातात असताना, तीन महिने लागले. सिग्नल दीड मिनिटाचा असतो. म्हणून 'ओळखायचं कसं' या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर आहे की तिथे उभ्या उभ्या ओळखता येत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. खोटी कहाणी सांगणारा गरजू असतो आणि खरी सांगणारा कधी कधी नसतो.

लोक नेहमी विचारतात, "वडापाव दिला तर नको म्हणतात, पैसेच हवेत, म्हणजे ढोंगीच ना?" याचा हिशेब मला फुटपाथवर राहणाऱ्या एका काकांनी घातला होता आणि मी तो केसपेपरच्या पाठीवर लिहून घेतला होता. सकाळ-संध्याकाळ संडासाचे तीन-तीन रुपये, अंघोळीचे दहा, गाठोडं दिवसभर ठेवून घेणाऱ्या पानवाल्याला पाच, रात्रीच्या जागेचे वीस, ते घेणारा एक 'दादा' होता. साधारण दहा वर्षांपूर्वीचे हे आकडे. म्हणजे पोटात काही जायच्या आधी चाळीसेक रुपये हवेत. आणि खायला? शनिवारी मारुतीच्या देवळासमोर त्यांना बिस्किटांचे इतके पुडे मिळायचे की ते इतरांना वाटून टाकायचे. ते म्हणाले, "बाई, खायला देणारे देव भेटतात, संडासचे तीन रुपये कोण देत नाही." बायकांचं तर याहून वाईट. रस्त्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या आमच्याकडे लघवीच्या जंतुसंसर्गाने तापून यायच्या. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : रात्री जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही. त्यांनी वडापाव नाकारला तर तो माज नसतो.

दुसरा आक्षेप : "यांची गावी घरं आहेत, शेतं आहेत, बेघर असल्याचं नाटक करतात." परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर चटई टाकून राहणाऱ्यांना जाऊन विचारा. होय, घरं आहेत. कोणाचं बिहारमध्ये, कोणाचं बंगालमध्ये, कोणाचं आपल्या बीडला. पण केमोथेरपी सहा-आठ महिने चालते, मुंबईतलं लॉज परवडत नाही, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा कितीही चांगल्या असल्या तरी खाटा ठरावीकच. गावी सात-बारा असलेला माणूस इथे आठ महिने बेघर असतो. बरं, आम्ही काही जणांना रुग्णालयाच्या पुअर बॉक्स फंडातून, म्हणजे गरीब रुग्णांसाठीच्या देणग्यांच्या निधीतून, तिकीट काढून गावी पाठवायचो. वॉर्डबॉय गाडीत बसवून यायचा, म्हणजे तिकीट विकायला नको. त्यातलेही काही पंधरा दिवसांत परत दिसायचे. एकाला मी विचारलं, घर आहे ना तुमचं? म्हणाला, "घर हाय, जागा न्हाई." मुलाने ओसरीवर झोपू दिलं नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री गणकांनी फुटपाथ, पूल, फलाट, देवळांच्या पायऱ्या फिरून बेघर माणसं मोजली. देशात १७ लाख ७३ हजार भरली, त्यातली दोन लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रात. त्याच जनगणनेत भिक्षेकरी किती, तर देशभरात ४ लाख १३ हजार. या दोन आकड्यांमधली तफावत लोकांच्या लक्षातच येत नाही. रस्त्यावर झोपणारे बहुसंख्य लोक भीक मागतच नाहीत. ते लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासतात, नाक्यावर उभे राहून बिगारी मिळवतात, हातगाडी ओढतात, भंगार वेचतात, आणि रात्री झोपायला फुटपाथवर येतात. आपण त्यांच्या अंगावरची चादर बघतो आणि सगळ्यांना भिकारी म्हणून टाकतो.

कायदाही तेच करतो, याचा मला नोकरीत फार त्रास झाला. १९५९ चा आपला भीक प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. जखम किंवा व्यंग उघडं करून दाखवणं, गाऊन-नाचून पैसे मागणं, हे तर त्याच्या व्याख्येत आहेच. पण उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरताना सापडला, एवढ्यावरही माणूस भिकारी ठरू शकतो. दोषी ठरला की चेंबूरच्या भिक्षेकरी गृहासारख्या ठिकाणी एक ते तीन वर्षं, आणि पुन्हा पुन्हा सापडला तर दहापर्यंत. भीक न मागणारा हमालही पकडून नेलेला मी पाहिलाय. त्याचं म्हणणं एकच होतं, "माझ्याकडे डब्याचे पैसे आहेत, दाखवू का?" हाच मुंबईचा कायदा दिल्लीलाही लावला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्याची कलमं दिल्लीपुरती रद्द केली. २०२१ मध्ये रस्त्यावरून भिक्षेकरी हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने असा उच्चभ्रू दृष्टिकोन घ्यायला नकार दिला आणि हा गरिबीचा प्रश्न असल्याचं सांगितलं. तुमच्या दिरांना हेही सांगा. सर्वोच्च न्यायालयानेच २०१० मध्ये शहरांत लाखामागे एक निवारा हवा असं बजावलं होतं. त्या हिशेबाने मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. जायला जागा नसताना देणाऱ्याचा हात धरून काय मिटणार?

कोणीतरी गोवंडीची गोष्ट काढतंच. २०१९ मध्ये तिथल्या एका म्हाताऱ्या भिक्षेकऱ्याच्या मृत्यूनंतर झोपडीत दीड लाखाहून जास्त रुपयांची नाणी आणि आठ लाखांवर ठेवींच्या पावत्या सापडल्या. खरी बातमी आहे. असे असतात. पण तोही झोपडीत एकटाच राहत होता. त्या एकाचा दाखला देऊन आपण किती जणांसमोर काच वर करणार?

आता तुम्ही काय करायचं. मी काय करते ते सांगते, पटेल तेवढं घ्या. मी महिन्याची एक रक्कम ठरवलेली आहे. त्यातली थोडी सुट्ट्या पैशांत, वेगळ्या बटव्यात. ती देताना मी कहाणी तपासत नाही, त्यात थोडी लबाडी गेली तर जाऊ दे. मोठा भाग मात्र एका रात्र निवाऱ्याला आणि रुग्णालयाच्या पुअर बॉक्स फंडात, कारण तिथे माझ्यासारखं कोणीतरी तीन महिने लावून माणूस समजून घेतं. बटवा रिकामा झाला की तोंडाकडे बघून "आज नाही हो काका" म्हणते. मान फिरवत नाही. लहान मुलाच्या हातात पैसे कधीच देत नाही. मुलांना भीक मागायला लावणं हा २०१५ च्या बालन्याय कायद्याने पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, म्हणून मी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावते आणि कोणी येईपर्यंत शक्य तेवढं तिथेच थांबते. आजारी वाटलं तर १०८ ची रुग्णवाहिका, एकटं म्हातारं माणूस असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन.

आणि पैशांचा नसलेला एक प्रश्न विचारते : "कालपासून इथेच आहात का?" जालन्याचं तिकीट मागणारा बनेल असेल तर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. नसेल तर उत्तर द्यायला लागतो, आणि ताप आहे का, जीभ जड झालीय का, तोंडाला वास येतोय तो दारूचा की उपाशीपणाचा, हे बोलण्यावरून कळतं. त्यासाठी अर्धं मिनिट लागतं, लोकल चुकत नाही.

पुन्हा त्या दुकानासमोर कोणी दूध मागितलं तर डबा फोडून द्या. फोडलेला डबा दुकानदार परत घेत नाही. तुमचे साडेचारशे गेले ते गेले, त्याबद्दल स्वतःला मूर्ख म्हणू नका. रुग्णालयाचं काय झालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावचा. आमच्याकडे पूर्वी वासुदेव, गोसावी, बहुरूपी, नंदीबैलवाले यायचे. आई सुपातून जोंधळे वाढायची. आता गावच्या ग्रुपवर रोज मेसेज येतात, 'भिकाऱ्याच्या वेशात मुलं पळवणारी टोळी फिरतेय.' तरुण पोरं म्हणतात, वेशीवर बोर्ड लावू, कोणी मागता दिसला तर झोडपू. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. बोर्ड लावावा का?
— एक वाचक

उत्तर : लावू नका. आणि ते मेसेज ज्या दिवशी आले त्याच दिवशी पोरांना बोलावून घ्यायला हवं होतं. आज बोलवा.

त्यांना राईनपाड्याचं नाव माहीत आहे का विचारा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून आधीच फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. ग्रामपंचायतीची खोली, दादा. तुम्ही जिथे बैठकीला बसता तशी. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पाच घरं तिकडे उघडी पडली आणि सात इकडे.

डवरी गोसाव्यांची हातात डवर घेऊन भैरवनाथाची गाणी गात फिरायची परंपरा तुम्हाला मी सांगायला नको. ही भटकी माणसं आहेत, गावोगावी जाणं हाच त्यांचा रिवाज. १९५९ च्या ज्या कायद्याबद्दल वर लिहिलं, त्याच्या शब्दांत वासुदेवही बसतो, कारण तो गाऊन मागतो. आपण त्याला पहाटे दारात बघून सुखावतो आणि त्याच्याच पाठचा अनोळखी दिसला की चोर समजतो. फरक एवढाच की त्याच्या डोक्यावर मोरपिसांची टोपी आहे.

भीती मात्र खरी असते, ती मी हसण्यावारी नेणार नाही. लेकरू हरवण्याच्या नुसत्या विचाराने आईबापांची काय अवस्था होते ते मी कॅज्युअल्टीत पाहिलंय. म्हणून पोरांना काम द्या. अनोळखी कोणी आला तर दोघांनीच जायचं, दहा जणांनी नाही. पारावर बसवायचं, पाणी द्यायचं, गाव-नाव विचारायचं. शंका राहिली तर पोलीस पाटलांना बोलवायचं किंवा ११२ ला फोन करायचा, आणि पोलीस येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, कारण दहा मिनिटांत तो चार गावं फिरतो आणि पुढच्या गावात त्याला पाणी विचारायला कोणी नसतं. ग्रुपचा ॲडमिन कोण आहे त्याला तुम्ही सदस्य म्हणून आजच सांगा, असा मेसेज आला की तो काढायचा आणि खाली लिहायचं, 'पोलिसांकडे खात्री केली का?'

आणि बैठकीला तुमच्या आईंना घेऊन जा. ज्या गोसाव्याला त्या जोंधळे वाढायच्या त्याचं गाव कोणतं, घरी कोण कोण होतं, सुगीनंतर नेमका कधी यायचा, हे त्यांना विचारा. त्यांना ठाऊक असणार. पोरांना ते त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.